जलमापक प्रेषक, बिनतारी

नळजोडणीवरील जलमापकाने (पाण्याच्या मीटरने) दर्शविलेला आकडा रेडिओ तरंगांच्या साहाय्याने दूरच्या ग्राहीकडे पाठविणाऱ्या व स्वतःतील विद्युत् घटावर चालणाऱ्या लहान इलेक्ट्रॉनीय साधनास बिनतारी जलमापक प्रेषक म्हणतात. मापक व प्रेषक ही दोन स्वतंत्र साधने असून त्यांची गल्लत होऊ न देणे या विषयात फार महत्त्वाचे आहे. नेहमीचा यांत्रिक मापक वाहत्या पाण्याच्या जोरावरच चालतो. त्याला विजेची जरूरी नसते. प्रेषक पाणी मोजीत नाही, मोजलेले कळवितो. त्यामुळे प्रेषक निकामी झाला, तरी नळ चालू राहतो, मापकाची चक्रे फिरत राहतात आणि घरातील कोणालाही काही बिघडल्याची चाहूल लागत नाही. ती लागते ती पुष्कळदा काही महिन्यांनी, फरकाच्या मोठ्या बिलाच्या रूपाने.

२००० नंतरच्या दोन दशकांत उत्तर अमेरिका, यूरोप व आशिया येथील अनेक सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थांनी असे प्रेषक फार मोठ्या संख्येने बसविले. सामान्यतः पंधरा ते वीस वर्षांचे आयुष्य गृहीत धरून ही गुंतवणूक करण्यात आली होती. काही ठिकाणी हे आयुष्य संपत आल्यामुळे, तर काही ठिकाणी घट अपेक्षेपेक्षा बरेच लवकर संपल्यामुळे, निकामी प्रेषक बदलण्याचे काम या संस्थांपुढे उभे राहिले आहे.

पूर्वपीठिका : घरगुती जलमापकांचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर झाला. तेव्हापासून सु. शंभर वर्षे मापकाचा आकडा पाहणे म्हणजे एका कर्मचाऱ्याने नोंदवही घेऊन दारोदार हिंडणे, एवढाच त्याचा अर्थ होता. थंड हवामानाच्या प्रदेशांत पाणी गोठू नये म्हणून मापक घराच्या तळघरात बसवितात. दार बंद असेल, तर आकडा मिळत नाही व पूर्वीच्या वापरावरून सरासरी बिल आकारावे लागते. ही अडचण दूर करण्यासाठी प्रथम मापकाचा आकडा तारेने घराच्या बाहेरील भिंतीवर आणण्यात आला. पुढे दूरध्वनीच्या तारांतून तो कार्यालयात नेण्याचे प्रयोग झाले आणि १९८० नंतर रेडिओ प्रेषक प्रचारात आले. प्रारंभी ग्राही मोटारगाडीत ठेवून ती रस्त्यारस्त्याने फिरवीत. नंतर उंच इमारतींच्या छपरांवर व मनोऱ्यांवर कायमचे ग्राही बसवून संपूर्ण शहराचे जाळे उभारण्याची पद्धत रूढ झाली. न्यूयॉर्क शहराने २००९ मध्ये या पद्धतीचे काम सुरू केले व पुढील काही वर्षांत आठ लाखांहून अधिक मिळकतींवर असे प्रेषक बसविले. कॅनडातील टोराँटो शहराने २०१० पासून पुढील पाचसहा वर्षांत सु. ४·७ लाख नळजोडण्यांना नवे मापक व प्रेषक बसविले. तोपर्यंत तेथील हजारो घरांना मापकच नव्हते व त्यांच्याकडून ठोक दराने पट्टी घेतली जाई.

रचना व कार्य : प्रेषकाचे तीन भाग मानता येतात : मापकाचा आकडा घेणारा भाग, रेडिओ मंडल व आकाशक (अँटेना) आणि विद्युत् घट. आकडा घेण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत मापकातील फिरत्या चक्रावर एक लहान चुंबक बसविलेला असतो. तो प्रत्येक फेऱ्यात एका नाजूक पात्यांच्या स्विचाजवळून जातो, पाती मिटतात व एक विद्युत् स्पंद निर्माण होतो. दर स्पंदाला ठरावीक, उदा., १० लिटर, पाणी असा हिशेब असतो. येथे बेरीज प्रेषकाच्या स्मृतीत असते. म्हणून घट संपताच ती थांबते आणि तबकडीवरील आकडा पुढे व प्रेषकाचा आकडा मागे, असे अंतर पडत जाते. दुसऱ्या रीतीत तबकडीवरील आकड्यांच्या चाकांची प्रत्यक्ष स्थितीच विद्युतीय किंवा प्रकाशीय उपायांनी वाचून ती संकेतरूपाने प्रेषकाला दिली जाते. या रीतीत प्रेषक बंद पडून पुन्हा नवा जोडला, तरी पहिल्याच संदेशात तबकडीवरील खरा आकडा मिळतो. प्रेषक बदलण्याच्या दृष्टीने दुसरी रीत निःसंशय श्रेष्ठ होय. पहिली स्वस्त असल्याने बरीच वर्षे टिकून राहिली.

प्रेषणासाठी अमेरिका व कॅनडा येथे ४५० ते ४७० मेगॅहर्ट्‌झ या परवानाबद्ध पट्ट्यातील किंवा ९०२ ते ९२८ मेगॅहर्ट्‌झ या खुल्या पट्ट्यातील कंप्रता वापरतात. यूरोपात ८६८ मेगॅहर्ट्‌झच्या आसपासचा, तसेच १६९ मेगॅहर्ट्‌झचा पट्टा वापरात आहे. भारतात ८६५ मेगॅहर्ट्‌झपासून सुरू होणारा पट्टा अशा लघुशक्तीच्या साधनांना परवान्यावाचून वापरता येतो.

विद्युत् घट : प्रेषकाचे आयुष्य म्हणजे व्यवहारतः त्यातील घटाचे आयुष्य होय. पाण्यापासून बचाव व्हावा म्हणून संपूर्ण मंडल व घट रेझिनासारख्या घट्ट होणाऱ्या द्रव्यात पक्के बसवितात. त्यामुळे घट तेवढा बदलणे सहसा शक्य नसते व संपूर्ण प्रेषकच टाकून द्यावा लागतो. या कामासाठी बहुतांशी लिथियम-थायोनिल क्लोराइड घट वापरतात. त्याचा विद्युत् दाब सु. ३·६ व्होल्ट असतो व नुसते पडून राहिल्याने होणारी झीज सामान्य तापमानास वर्षाला सु. एक टक्का इतकी अल्प असते.

वीस वर्षांची अपेक्षा किती काटेकोर हिशेबावर उभी आहे, हे एका उदाहरणावरून कळून येईल. वीस वर्षांत सु. १,७५,००० तास भरतात. ८·५ अँपिअर-तास धारणेचा घट एवढा काळ पुरवावयाचा, तर सरासरी प्रवाह ४८ मायक्रोअँपिअरच्या आतच राहिला पाहिजे. प्रेषक बहुतेक वेळ निद्रितावस्थेत असतो. त्या स्थितीत तो १० मायक्रोअँपिअर घेतो असे धरल्यास त्यापायी १·७५ अँपिअर-तास खर्च होतात. एका संदेशास एक अँपिअर प्रवाह सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो असे मानल्यास, दिवसातून चार संदेश पाठविण्यास वीस वर्षांत सु. १·६ अँपिअर-तास पुरतात. तेच संदेश दर तासाला पाठविल्यास मात्र ९·७ अँपिअर-तास लागतील, म्हणजे घटाच्या एकंदर धारणेपेक्षाही जास्त. म्हणूनच अनेक संचांत आकडा दर तासाला नोंदवून ठेवतात व असे अनेक आकडे एकत्र करून दिवसातून मोजक्या वेळीच पाठवितात. ग्राही दूर असेल किंवा आड इमारत असेल, तर द्विमार्गी संचातील प्रेषक पोच न मिळाल्याने तोच संदेश पुनःपुन्हा पाठवितो. जाळ्यातील दुबळ्या जागांचे प्रेषक आधी मरतात, त्याचे हे एक कारण आहे.

या घटाचे आणखी दोन विशेष ध्यानात घ्यावे लागतात. लिथियमाच्या पृष्ठावर लिथियम क्लोराइडाचा अतिशय पातळ थर बसतो व तोच घटाची आपोआप होणारी झीज रोखतो. परंतु दीर्घ विश्रांतीत किंवा उष्णतेत हा थर जाड होतो आणि मग संदेशासाठी एकदम मोठा प्रवाह मागितला असता विद्युत् दाब क्षणभर कोसळतो. घटात ऊर्जा शिल्लक असूनही मंडल बंद पडते. हा दोष टाळण्यासाठी घटाला समांतर असे धारित्र जोडतात. ते सावकाश भरते व संदेशाच्या वेळी एकदम रिकामे होते. दुसरा विशेष असा की, घटाचा विद्युत् दाब अखेरपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो व अगदी शेवटी झपाट्याने घसरतो. टॉर्च मंद होत जाते तशी पूर्वसूचना येथे मिळत नाही. ‘घट क्षीण’ असा इशारा काही प्रेषक देतात, पण तो आल्यावर किती दिवस हाताशी आहेत हे ठामपणे सांगता येत नाही.

बिघाडाची इतर कारणे : जमिनीखालील खळग्यात (चेंबरमध्ये) बसविलेल्या प्रेषकात बाष्प शिरणे, मापक व प्रेषक यांमधील तारेचा सांधा गंजणे, ती तार उंदीर-घुशींनी कुरतडणे, आकाशक झाकणावरून जाणाऱ्या वाहनाखाली मोडणे ही नेहमीची कारणे होत. बिडाचे झाकण रेडिओ तरंगांना अडविते. म्हणून अशा झाकणास भोक पाडून आकाशक वर घेतात किंवा झाकणच प्लॅस्टिकचे बसवितात. कधीकधी प्रेषक धडधाकट असून जाळेच निवृत्त होते. अमेरिकेत भ्रमणध्वनीची तिसऱ्या पिढीची जाळी २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा त्यांवर अवलंबून असलेली मापन-साधने त्यांचे घट शिल्लक असतानाही निरुपयोगी ठरली.

निदान : संदेश आला नाही याचा अर्थ प्रेषक मेला, असा लगेच करता येत नाही. झाकणावर उभी केलेली मोटारगाडी किंवा साचलेले पाणीही संदेश अडवू शकते. एकाच भागातील पुष्कळ प्रेषक एकाच दिवशी गप्प झाले, तर दोष छपरावरील ग्राहीत असण्याचा संभव अधिक. विखुरलेले प्रेषक एकामागून एक गप्प होत असतील व ते एकाच वर्षी बनविलेले असतील, तर मात्र तो घटांचा दोष समजावा. बसविण्याचे वर्ष, उत्पादनाचा गट व शेवटचा संदेश यांची नोंद ज्या संस्थेने पहिल्यापासून नीट ठेवली, तिला ही लाट येण्यापूर्वी ओळखता येते.

लाट हा शब्द येथे योग्य आहे. पाच वर्षांत भराभर बसविलेली साधने निकामीही पाचसात वर्षांतच होतात. एक लाख प्रेषकांपैकी वर्षाला एक टक्का बंद पडत असतील, तर कामाच्या प्रत्येक दिवशी चार बदलावे लागतात व ते काम एक जोडी आटोपते. हे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले की दिवसाला चाळीस होतात; त्यासाठी माणसे, वाहने व नवे प्रेषक आयत्या वेळी मिळत नाहीत. दारोदार जाणारे जुने कर्मचारी तोपर्यंत कमी केलेले असतात, ही गोष्ट योजनांच्या मूळ हिशेबात क्वचितच धरलेली दिसते. टोराँटोमध्ये घट मुदतीपूर्वी संपल्याने मोठ्या संख्येने प्रेषक बंद पडले, असंख्य ग्राहकांना अंदाजी बिले गेली आणि अखेर निकामी झालेले तेवढे बदलण्याऐवजी शहरातील सर्वच प्रेषक टप्प्याटप्प्याने बदलण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. न्यूयॉर्कमध्येही २०२० नंतर आयुष्य संपत आलेले प्रेषक बदलण्याची मोहीम सुरू झाली.

ग्राहकावरील परिणाम : प्रेषक गप्प असताना बिल मागील वापराच्या सरासरीने काढतात. घरातील माणसे कमी झाली असतील, तर ग्राहक न वापरलेल्या पाण्याचे पैसे भरतो. वापर वाढला असेल, तर फरक साठत जातो. याहून मोठा धोका गळतीचा होय. शौचकूपाची टाकी मिनिटाला केवळ एक लिटर गळत असेल, तर दिवसाला १,४४० लिटर व चार महिन्यांत सु. १७३ घ. मी. पाणी जाते. चालू प्रेषक रात्रीच्या वेळीही न थांबणारा हा प्रवाह एकदोन दिवसांत दाखवून देतो. टोराँटोसारख्या शहरात, जेथे बिल वर्षातून तीनदा निघते, तेथे प्रेषक बंद असल्यास अशी गळती पाच-सहा बिलांपर्यंत दडून राहू शकते.

वापर वाढेल तसा दर वाढविणारी आकारणी जेथे आहे, तेथे फरकाच्या बिलात एक सूक्ष्म अन्याय होण्याचा संभव असतो. समजा, एका कुटुंबाचा वापर दरमहा १८ घ. मी. आहे, स्वस्त दर २० घ. मी. पर्यंत आहे आणि प्रेषक बंद असताना त्याला दरमहा १२ घ. मी. चे अंदाजी बिल गेले. दहा महिन्यांचा ६० घ. मी. फरक नवा प्रेषक बसल्यावर एकाच महिन्याच्या वापरात मिळविला, तर त्यातील जवळजवळ सर्व पाणी महागड्या दरात जाते. वस्तुतः त्या कुटुंबाने ती मर्यादा एकदाही ओलांडलेली नसते. हा फरक मागील महिन्यांत वाटून प्रत्येक महिन्याच्या दराने आकारणे हाच बरोबर मार्ग होय. ते संगणकास अवघड नाही. तशी आज्ञावली आधी लिहून ठेवावी लागते इतकेच. रक्कम हप्त्यांनी भरण्याची सोय आणि किती मागे जाऊन फरक मागावा याची मर्यादा या बाबीही प्रेषक बदलण्यास आरंभ होण्यापूर्वीच ठरविलेल्या बऱ्या.

प्रेषक बदलणे : प्रत्यक्ष काम थोड्या मिनिटांचे असते, पण त्यातील चुका वर्षानुवर्षे त्रास देतात. प्रथम तबकडीवरील आकडा वाचून त्याचे छायाचित्र घेतात. हा आकडा ग्राहकासमोर वाचल्यास पुढील बहुतेक तक्रारी टळतात. नंतर मापकाचा क्रमांक, जुन्या प्रेषकाचा क्रमांक व नव्याचा क्रमांक एकत्र नोंदवितात. इमारतीत आठदहा मापक एका ओळीत असतील, तर दोन शेजाऱ्यांच्या प्रेषकांची अदलाबदल होणे ही सर्वांत अधिक आढळणारी चूक आहे. तीत एकाचे बिल दुसऱ्याला जाते आणि दोन्ही प्रेषक उत्तम चालत असल्याने संगणकाला संशय येत नाही. स्पंद मोजणाऱ्या प्रेषकात आरंभीचा आकडा व दर स्पंदाचे लिटर हाताने भरावे लागतात. तेथे एका शून्याची चूक झाली की बिल दसपट किंवा दशांश होते. यासाठी नव्या प्रेषकाचा पहिला संदेश कार्यालयात पोहोचून तो तबकडीशी जुळल्याखेरीज काम पुरे झाले असे मानीत नाहीत. तळघरातील मापकासाठी ग्राहकाची वेळ घ्यावी लागते व खरा विलंब तेथेच होतो.

तारेचा सांधा पूर्वी पिळून व जेली भरलेल्या टोपणात बसवून करीत. आता बहुधा साचेबंद जोडणी वापरतात. मापकही बरेच जुने झाले असतील, तर दोन्ही एकाच फेरीत बदलणे किफायतशीर ठरते, कारण झिजलेला मापक मंद प्रवाह कमी नोंदवितो व ते नुकसान संस्थेचे असते. मापक नवे असतील, तर मात्र विक्रेत्याच्या सांगण्यावरून ते सरसकट बदलण्यास आधार नाही.

काढलेले प्रेषक कचऱ्यात टाकता येत नाहीत. थायोनिल क्लोराइडाचा पाण्याशी संयोग होऊन हायड्रोजन क्लोराइड व सल्फर डाय-ऑक्साइड हे दाहक वायू निर्माण होतात. घट चेचणे, भोसकणे किंवा तापविणे धोक्याचे असून त्यांची वाहतूक व विल्हेवाट यांसाठी स्वतंत्र नियम आहेत.

खर्च व करार : अमेरिकेत वीस वर्षांची हमी बहुधा पहिली दहा वर्षे पूर्ण व नंतरची दहा वर्षे घटत्या प्रमाणात अशी असते. बाराव्या वर्षी बंद पडलेल्या प्रेषकाच्या किंमतीत सूट मिळते. त्याच्या बसवणुकीचा, वाहनाचा व दरम्यान काढलेल्या अंदाजी बिलांच्या दुरुस्तीचा खर्च हमीत सहसा नसतो. तो पाणीपट्टीतूनच, म्हणजे ग्राहकांकडूनच, वसूल होतो. त्यातही एका उत्पादकाचा प्रेषक दुसऱ्याच्या ग्राहीशी बोलत नसेल, तर निविदा मागवूनही स्पर्धा होत नाही. यूरोपात प्रमाणित संदेशपद्धतीचा पुरस्कार झाल्याने ही अडचण काही अंशी कमी झाली आहे. मूळ करारातच बसवणुकीच्या मजुरीची भरपाई, गटवार बिघाडाची मर्यादा आणि संदेशपद्धतीची खुली माहिती या अटी घालणे हा यावरील उपाय होय. बिघाड सुरू झाल्यावर त्या घालता येत नाहीत.

महाराष्ट्रातील स्थिती : सातारा जिल्ह्यातील कराडलगतच्या मलकापूर येथे चोवीस तास पाणीपुरवठ्याबरोबर दूरवाचनक्षम मापक बसविण्यात आले व वाढत्या दराची आकारणी सुरू झाली. पुणे महानगरपालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेतही असे मापक बसविले गेले. येथे बर्फाचा प्रश्न नाही. त्याऐवजी पावसाळ्यात पाण्याने भरणारे खळगे व उन्हाळ्यात तापणारी झाकणे यांना प्रेषकाने तोंड द्यावयाचे असते आणि उष्णतेने घटाची झीज वाढते. ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या भागांत नळातून आधी हवा बाहेर पडते व तिनेही मापक फिरतो. तो चुकीचा आकडा प्रेषक इमानाने कळवितो, त्यामुळे प्रेषक बदलून ही तक्रार मिटत नाही. तिच्यासाठी हवा सोडणारी झडप वाहिनीवर बसवावी लागते.